बुळबुळीत जंतू आणि चिमुकल्या बेचक्या

एका माळरानावर एक ससा होता, आणि त्या सशाच्या रक्तात एक पांढरी पेशी राहत असे. पेशी कसली, मुलांनो, खादाड नंबर एक! अंगात घुसलेला जंतू दिसला की ही त्याला चहूबाजूंनी कवेत घेई, अख्खा गिळी आणि पोटातल्या जळजळीत रसात विरघळवून टाकी. त्याच रक्तात प्रतिपिंडं नावाची चिमुकली मंडळी तरंगत असे. आकार बेचकीसारखा, ना दात, ना पोट. पेशी त्यांना येता-जाता डिवचायची, "काय रे रिकामटेकड्यांनो, आजही नुसती भटकंती? चिकटण्यापलीकडे काही येतं का तुम्हाला?"

एकदा सशाच्या पायात बाभळीचा काटा मोडला. काट्याबरोबर जंतू आत शिरले, आणि तेही अंगावर बुळबुळीत वेष्टण असलेले! पेशी धावली. "या, या! पंगत मांडलेलीच आहे!" पण मिठी मारावी तर जंतू सटकन निसटे. पुन्हा झडप, पुन्हा सटकन! तोवर एकाचे दोन, दोनाचे चार झाले. दुसऱ्या दिवशी पाय टम्म सुजला, सशाला उभंही राहवेना. बोरीआड बसलेला कोल्हा जिभल्या चाटत म्हणाला, "सावकाश होऊ द्या, ससेबुवा. संध्याकाळी गुराखी माळावरून घरी जाईपर्यंत आम्हाला काही काम नाही."

पेशी रडकुंडीला आली. ससा गेला की आपणही संपलो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सगळा तोरा सोडून ती प्रतिपिंडांना म्हणाली, "बाबांनो, चुकलं माझं. हे मेले हातात ठरतच नाहीत. काही जमेल का तुम्हाला?"

"अगं ताई, बुळबुळीत वाम मासा ओल्या हातात ठरतो का? कोळीण आधी हाताला राख लावते. आम्हाला ती राख समज! मागे हेच जंतू आले होते, तेव्हापासून यांच्या वेष्टणाला नेमकं चिकटता येतं आम्हाला. फक्त गिळायला तू हवीस!"

झालं! एकेक बेचकी जंतूच्या वेष्टणाला घट्ट चिकटली, तिचा दांडा तेवढा बाहेर राहिला. पेशीने दांडा धरला, मिठी आवळली आणि जंतू गट्टम्! मग दुसरा, तिसरा, दहावा. तिच्या बहिणीही धावून आल्या. सूज उतरू लागली. उन्हं कलल्यावर कोल्ह्याने झेप घेतली, तेव्हा त्याच्या तोंडात नुसती धूळ आली. ससा लंगडत का होईना, केव्हाच बिळात पसार झाला होता!

तात्पर्य : गिळणाऱ्याचं तोंड कितीही मोठं असो, घास धरून देणाऱ्या लहानग्यांना कधी हिणवू नये.