समजलं ना?

“…पण ज्याच्या डोक्यात शिरतच नाही, त्याला शिकवायचं कसं, गुरुजी?”

लॅपटॉपची बॅग खांद्याला तशीच ठेवून हेमकृष्ण उभ्यानंच विचारत होता. बस म्हटलं तरी बसत नव्हता.

तलावाच्या पाळीवर, मोहाच्या सावलीत, बावने गुरुजी जाळं विणत होते. अडतीस वर्षं त्यांनी शाळेत शिकवलं. निवृत्त झाले आणि बापजाद्यांचं काम हाती घेतलं. हेमकृष्णचे वडील या गावात पोस्टमन होते, तेव्हा त्याला पहिली अक्षरं गिरवायला लावली ती गुरुजींनीच.

आता हेमकृष्ण स्वतः शिकवत होता. सरकारी कचेऱ्यांतल्या लोकांना कॉम्प्युटर. प्रशिक्षण संपलं की टाळ्या पडायच्या, अभिप्रायाच्या कागदावर ‘उत्कृष्ट’ यायचं. आठ वर्षांत त्याच्या वर्गात कुणी नापास झालं नव्हतं. हे त्यानं आल्याआल्याच सांगून टाकलं होतं.

“मग आता काय अडलं?”

“उरकुडा मेश्राम म्हणून एक बाबू आहेत. छप्पन्न वर्षांचे. तीन दिवस रोज तेच विचारतात. सर, आता कुठं दाबू? सर, पान कुठं गेलं? मी दाखवतो. समजलं ना, विचारतो. हाव, हाव म्हणत मान डोलावतात… आणि परत तेच.”

“मग?”

“काल…”

तो तलावाकडे बघत राहिला.

“काल मी त्यांच्या हातातून माऊस काढून घेतला. सरका काका, म्हणालो. सगळे हसले.”

“अन् ते?”

“उठले. खुर्ची नीट आत सारली. निघून गेले.”

गुरुजींचे हात चालूच होते.

“उद्या सकाळी यादी द्यायचीय. शिकला की नाही शिकला, एवढंच लिहायचं. ‘नाही’ लिहिलं तर मेश्रामांचं टेबल जाईल. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या माणसाला दाराशी स्टुलावर बसवतील. ‘शिकला’ लिहिलं तर मी खोटा.” तो चार पावलं गेला, परत आला. “कालपासून जेवण जात नाही, गुरुजी. काय लिहू?”

“बस. एक गाठ मार.”

“मला कुठं येते?”

“दाखवतो ना.”

लाकडी सुई खालून वर आली, दोऱ्याला वळसा पडला, खेच बसली. पापणी लवायच्या आत.

“समजलं ना?”

“हो.”

हेमकृष्णनं बसून गाठ मारली. गुरुजींनी दोन बोटांनी ताणली. सुटली.

“पुन्हा बघ.”

सुई वर, वळसा, खेच.

“समजलं ना?”

“हो.”

सुटली.

पलीकडे दोन बाया मासे निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. त्या याच्याकडे बघू लागल्या. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं.

हेमकृष्णच्या कानांच्या पाळ्या तापल्या. खिशातला फोन वाजत होता. त्यानं तो न बघताच बंद केला.

तिसऱ्यांदा सुटली.

गुरुजींनी चौथ्यांदा दाखवलं. तेवढंच भरभर.

“समजलं ना?”

“हो—”

शब्द तोंडातून निघून गेला, आणि तो तसाच थांबला. हातात दोरा. नजर खाली.

वारा आला. पाण्यावर बारीक लाटा उठल्या, विरल्या.

“गुरुजी…”

“बोल.”

“मला पहिल्यापासूनच समजलं नव्हतं.”

“मग हो काहून म्हटलं?”

त्यानं बायांकडे पाहिलं. त्या पुन्हा माशांत गुंतल्या होत्या.

“…त्या बघत होत्या.”

“पहिल्या वेळी तर बघत नव्हत्या.”

हेमकृष्ण बोटांवर दोरा गुंडाळत राहिला, सोडत राहिला.

“तुम्ही बघत होतात,” शेवटी तो म्हणाला.

गुरुजींनी मान हलवली. सुई बाजूला ठेवली.

“वर्गात किती जण होते?”

“बत्तीस.”

“मेश्राम सोडून?”

“एकतीस.”

“त्यांनी काय काय विचारलं?”

हेमकृष्णनं चेहरे आठवून बघितले. पहिल्या रांगेतली हसरी बाई. सारखं घड्याळ बघणारा एक तरुण. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

“काहीच नाही.”

“हं.”

“आठ वर्षं, गुरुजी…” त्यानं दोरा बोटांवर घट्ट आवळला. “आठ वर्षं मी ‘हाव’ मोजत आलो.”

गुरुजींनी त्याच्या बोटांवरचा दोरा सोडवला नाही. त्याचा त्यालाच सोडवू दिला.

“मग यादीत काय लिहू? मेश्रामांपुढं काय लिहू? बाकीच्यांपुढं काय लिहू?”

“मेश्राम राहतात कुठं?”

“अड्याळला.”

गुरुजींनी मान वर करून सूर्य बघितला.

“साडेचारची बस अड्याळवरूनच जाते. यादीचं परतल्यावर बघ. पोचलास की लॅपटॉप त्यांच्यापुढं ठेव… अन् तुझे हात खिशात ठेव.”