बाळूच्या हँडलची पट्टी

आईशपथ, ही गोष्ट खरी आहे. म्हणजे सायकल खरी आहे. उस्ताद खरे आहेत. लुंगी तर कुणीही जाऊन बघून यावी. बाकीचं ज्यानं सांगितलं तो एक नंबरचा थापाड्या आहे. पण सांगताना त्याला ताप होता, आणि तापात माणूस थापा कशाला मारेल?

"...मग कॉटन, कॉर्क की चामडं?" अभिनंदन चौगुलेनं तिसऱ्यांदा विचारलं.

कुरुंदवाडचे इलाही उस्ताद पंक्चर काढत होते. त्यांनी ट्यूब पाण्यात दाबली. बुडबुडा आला. त्यांनी बुडबुड्याकडं बघितलं. अभिनंदनकडं नाही.

समोर स्टँडवर रेसची जुनी सायकल. हँडल एडक्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं आणि उघडंबोडकं. बाजूला हँडलला गुंडाळायच्या तीन कोऱ्या पट्ट्या. अभिनंदननं ही सायकल भंगारातून उचलून आठ महिने घासली होती.

गेल्या वर्षी जुन्या सायकलींच्या प्रदर्शनात त्याच्या दुसऱ्या एका सायकलीत एकच स्क्रू नवा निघाला आणि परीक्षकांनी त्याला चारचौघांत बाद केलं. तेव्हा त्यानं तिथंच जाहीर केलं, पहिला नंबर येईपर्यंत दाढी करणार नाही. दाढी आता छातीवर आली होती. परवा बँकेनं फोटो जुळत नाही म्हणून त्याला परत पाठवलं.

आणि प्रदर्शन आज होतं. अकरा वाजता, जयसिंगपुरात.

"उस्ताद, परीक्षकांच्या पुस्तकात मरून रंगाचं कॉटन लिहिलंय. पण मला पुस्तकाचं नको, तुमच्या तोंडून पाहिजे. ओरिजिनल पट्टी कुठली?"

उस्तादांनी लुंगीला हात पुसले. हँडलवरून अंगठा फिरवला. एका पोच्यापाशी अंगठा थांबला...

"बाळूची सायकल."

"कोण बाळू?"

"बाळू जंगम. एकाहत्तर साली जत्रंतली शर्यत ह्याच सायकलीवर मारली त्यानं. हँडल मीच गुंडाळल्यालं."

अभिनंदन उडालाच. "मग झालं की काम! कशानं गुंडाळलं होतं?"

"नाडीनं."

"कसल्या नाडीनं?"

"लेंग्याच्या. माझ्या."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

"शर्यतीच्या सकाळी बाळू आला," उस्ताद म्हणाले. "घामानं हात सटकतोय म्हणाला. दुकानं समदी बंद. मग काय करतो? तळवा बसतोय तेवढंच गुंडाळलं."

"आणि तुम्ही?"

"हुतो की रस्त्याकडंला. दोन्ही हातांनी लेंगा धरून." उस्तादांनी ट्यूबवर पॉलिश पेपर घासला. "बाळू पयला आला. समद्या जत्रंनं टाळ्या वाजवल्या. मी सोडून."

"नाडी परत दिली का त्यानं?"

"उद्या देतो, उद्या देतो म्हणत मेला. तवापासनं लुंगी."

अभिनंदन हसला. उस्ताद हसले नाहीत.

"तुला सायकल गावली, तवा हँडलवर काय हुतं रं?"

"काही नाही. कळकट चिंधी होती कसलीतरी. ब्लेडनं कापली, दिली फेकून."

"फेकलीस."

"ओरिजिनल नव्हती ना ती..." अभिनंदन म्हणाला. मग स्वतःचंच वाक्य त्याच्या कानात शिरलं.

उस्तादांनी ठिगळ लावलेली ट्यूब पाण्यात दाबली. बुडबुडा आला नाही.

"मरून लाव," ते म्हणाले. "नंबर ईल. दाढी काढून टाक. माशा बसाय लागल्यात."

अभिनंदननं तिन्ही पट्ट्यांकडं बघितलं. मरून लावली की पहिला नंबर, हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं तिन्ही उचलल्या आणि पिशवीत कोंबल्या.

अंगात ट्रॅक पँट होती. तिचं इलॅस्टिक गेल्या दिवाळीतच मेलं होतं, सगळा कारभार नाडीवर चालला होता. अभिनंदननं ती नाडी सर्रकन ओढून काढली आणि पुढं केली.

"गुंडाळा."

"घरी जा. पँट बदल."

"वेळ आहे," अभिनंदन म्हणाला. "पण बदलणार नाही."

उस्तादांनी तेव्हा पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. मग नाडीचे दोन तुकडे केले. तळवा बसतो तेवढंच गुंडाळलं.

जयसिंगपुरात परीक्षक चष्मा कपाळावर सरकवून हँडलवर वाकले.

"हे काय आहे?"

"ओरिजिनल."

"पुस्तकात मरून कॉटन दिलंय."

"पुस्तकाला शर्यतीत बघितलेलं कुणी आहे का?"

"पुरावा?"

"कुरुंदवाडात लुंगी आहे."

"बाद!"

"कागदावर लिहून द्या, साहेब. कारणासकट."

मागं गर्दी हसायला लागली. परीक्षकांना लिहावं लागलं. 'बाद. कारण : नाडी.' खाली सही.

पहिला नंबर मरून कॉटनवाल्या एका सायकलीला गेला. अख्ख्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. अभिनंदनच्या एका हातात सायकल होती आणि दुसऱ्या हातात पँट.

दुपारी तो तसाच दुकानात परत आला. दाढी छातीवर, कागद खिशात.

"नंबर?" उस्तादांनी विचारलं.

"बाद."

"टाळ्या वाजवल्यास?"

"हात मोकळे नव्हते."

उस्ताद उठले. त्यांचा हात पुढं आला. एका हातानं पँट सावरत अभिनंदन पाया पडायला वाकला.

हात डोक्यावर आला नाही. तळवा उघडा, तिथंच थांबला.

"ही नाडी तुझी झाली," उस्ताद म्हणाले. "आता माझी दे."