लतिकेचा शाप

एका राज्यात कमळजा नावाची राजलेखिका होती. तिने आपल्या बोरूने एक नवी लिपी घडवली आणि तिचे नाव ठेवले लतिका. लतिकेची अक्षरे एकमेकांचा हात धरून चालत. वेलांट्या मोरपिसासारख्या मागे वळत, उकारांची शेपटे ओळीखाली लांबवर रेंगाळत.

राजा माणिककेतू त्या लिपीवर इतका भाळला, की त्याने आज्ञा केली, "राज्यात जे जे लिहायचे, ते लतिकेतच लिहावे."

कमळजा सुखावली. तिने लग्नपत्रिका लिहिल्या, मानपत्रे लिहिली; मग औषधांच्या कुप्या, वाटेवरचे दगड आणि विहिरींवरच्या पाट्याही लिहिल्या. लोक थांबून कौतुकाने बघत. वाचता कोणालाच येत नसे, पण राजापुढे बोलणार कोण?

एके सकाळी जटाल मांत्रिक नगरात येत होता. वेशीजवळ 'पुढे खड्डा आहे' अशी पाटी होती. जटालाला वाटले, ही नक्षी. "वा! सुरेख!" असे म्हणून त्याने पाऊल पुढे टाकले आणि तो खड्ड्यात पडला.

गुडघा फुटला, दाढी चिखलाने माखली. तिथूनच त्याने शाप दिला, "ज्या शेपटांनी मला फसवले, ती वाढतच राहोत!"

आणि ती वाढू लागली. पाट्यांवरून उकार उतरले, वेलांट्या भिंतींवर चढल्या, घरांची दारे अडली. सिंहासनावर राजाचे नाव कोरले होते. त्यातल्या 'तू'चे शेपूट निघाले आणि राजाच्या पायांना, मग कमरेला विळखा घालून बसले. तलवारीने एक तोडले, की दोन फुटत. प्रधानाने बोटांवर हिशेब केला आणि तो घाबरला. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत विळखा गळ्याशी पोचणार होता.

कमळजा जटालाच्या गुहेत गेली. त्याच्या खांद्यावर एक बोलणारी साळुंकी बसली होती.

"महाराज, लिपी माझी, अपराधही माझा. उःशाप सांगावा."

"तीन लेखने कर," जटाल म्हणाला. "भरधाव घोडेस्वाराला वाचता येईल अशी दरीची सूचना. नजर मंदावलेल्या म्हातारीला कळेल अशी औषधाची चिठ्ठी. आणि माझी बहीण तारावळी बारा वर्षे माझ्या घरी आली नाही, ती येईल असे पत्र."

पहिली पाटी कमळजेने मन लावून लिहिली. उकार तेवढे आखूड केले, पण 'द'ला एक गिरकी दिलीच. हात ऐकेना. घोडेस्वार आला, पाटीकडे पाहत तसाच पुढे निघाला. साळुंकी "थांब! थांब!" म्हणून ओरडली, म्हणून वाचला. कमळजेने पाटी पुसली आणि ठसठशीत, सरळ, सुटी अक्षरे काढली. दुसरा स्वार दहा कासरे लांबूनच थबकला.

म्हातारीची चिठ्ठीही तिने तशीच लिहिली. म्हातारीने ती डोळ्यांशी धरली. "सकाळी दोन थेंब. अगं बाई, मी तर रोज दहा घेत होते!"

मग तारावळीला धाडायचे पत्रही कमळजेने त्याच सरळ अक्षरांत लिहिले. आता तिला वळणाची धास्तीच बसली होती. साळुंकी पत्र घेऊन डोंगरापलीकडे गेली आणि तेच पत्र घेऊन परत आली.

"तारावळी काय म्हणाली?" कमळजेने विचारले.

"म्हणाली, हे निमंत्रण की जप्तीचा हुकूम?"

तिसरा दिवस कलला होता. विळखा राजाच्या छातीवर आला होता. कमळजेने जटालाला विचारले, "ती रुसली कशाने?"

जटाल म्हणाला, "मी साऱ्या जगाला यज्ञाला बोलावले. तिचे नाव लिहायला विसरलो."

कमळजेने कोरा कागद घेतला. मजकूर सरळ अक्षरांत, दोनच ओळी: 'चुकलो. ये.' वर मात्र तिने भरपूर जागा मोकळी ठेवली आणि तिथे लतिकेत एकच शब्द लिहिला, 'तारावळी'. 'ता'पासून निघालेली रेघ बारीक होत, पुन्हा भरत, शेवटच्या वेलांटीवरून वळून साऱ्या नावाभोवती फिरली.

साळुंकी उडाली. तारावळीने ते नाव पाहिले, त्यावरून हलकेच बोट फिरवले. "माझ्या नावासाठी कोणी एवढा वेळ बसले होते?" ती म्हणाली, आणि ढगावर पाय ठेवून निघाली.

तिने गुहेच्या उंबऱ्यावर पाऊल टाकले, तोच नगरातली सारी शेपटे सुकून गळाली. राजा उठला, अंग झाडले आणि त्याने नवी आज्ञा दिली: लग्न, बारसे, मानपत्र आणि ग्रंथाचे नाव लतिकेत, बाकी सारे सरळ अक्षरांत. ती आज्ञा कमळजेने सरळ अक्षरांत लिहिली, आणि प्रजेने ती प्रथमच वाचली.

तारावळी भावाकडे सात दिवस राहिली. निघताना जटालाने भीतभीत विचारले, "पुढल्या वर्षी पत्र पाठवू ना?"

"पत्र कशाला?" ती हसून म्हणाली. "नुसती हाक मार. मी येईन."