पंधरा वॅटचा आवाज

वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ एकदा एक वयोवृद्ध गिटारवादक राहत होते. नाव इनास फर्नांडिस. पण ते पूर्ण नाव पोस्टमनखेरीज कोणी उच्चारीत नसे. साऱ्या गावाचे ते इनास मास्तर. तरुणपणी आगबोटींवरच्या वाद्यवृंदात त्यांनी गिटार वाजवली, पुढे गावी परतून वर्षानुवर्षे रेडिओ दुरुस्त केले. उतारवयात या दोन्ही विद्यांचा संगम झाला. सकाळी ते मुलांना गिटार शिकवीत आणि दुपारी, निव्वळ हौसेपोटी, गिटारचा आवाज वाढवणारे, जुन्या पद्धतीच्या काचेच्या व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर बांधत बसत.

चारुता तेंडोलकर ही त्यांची सर्वांत जुनी शिष्या. तिचा हात तयार झाला असे वाटले तेव्हा मास्तरांनी स्वतः बांधलेला एक छोटा अ‍ॅम्प तिला दिला. पंधरा वॅटचा. आकाराने देवघराएवढा. आतल्या काचेच्या नळ्या तापल्या की त्यांच्यात निखाऱ्यासारखा तांबूस उजेड दिसे. तार हलकेच छेडली तर स्वर अगदी निर्मळ येई. जोर दिला तर त्याला किंचित खरखर सुटे, गाणाऱ्याचा कंठ दाटून यावा तशी. त्या स्वरावर चारुताचा जीव जडला होता.

तिचा मावसभाऊ सर्वेश ड्रम वाजवी आणि मैत्रीण हर्षला गात असे. तिघांनी मिळून कार्यक्रम करायला सुरुवात केली. पहिला कार्यक्रम एका लग्नाच्या स्वागत समारंभात, नारळीच्या बागेत झाला. चारुताने अ‍ॅम्प आपल्या पायांमागे जमिनीवर ठेवला आणि मन लावून वाजवले. पण ड्रमच्या गडगडाटात तिला स्वतःचाच स्वर ऐकू येईना. ती आवाज वाढवीत गेली. शेवटी बटण पुढे सरकेनासे झाले, तरी तेच.

सामान आवरताना सर्वेश म्हणाला, "चारू, राग मानू नकोस, पण तू वाजवत होतीस की नुसती उभी होतीस?"

घरी येताना तो छोटा अ‍ॅम्प तिला प्रथमच जड वाटला.

दुसऱ्या कार्यक्रमाला तिने ओळखीच्या मंडपवाल्याकडून शंभर वॅटचा भला दांडगा अ‍ॅम्प आणला. तो उचलायला दोघे लागले. आता कोण म्हणतो ऐकू येत नाही, असे मनाशी म्हणत तिने पहिला झणकार केला. क्षणभर खरोखरच तिचे राज्य झाले. मग सर्वेशला आपला ड्रम कमी वाटू लागला. त्याने हात उगारून ठोकायला सुरुवात केली. दोघांच्या वर चढण्यासाठी हर्षला ओरडू लागली. पुढच्या रांगेतली माणसे खुर्च्या मागे ओढू लागली. अखेर आयोजक रंगमंचाशी येऊन हात जोडून म्हणाले, "अहो, जरा दमानं घ्या. म्हातारी माणसं उठून चाललीत."

चारुताने आवाज इतका खाली आणला की तो अवाढव्य अ‍ॅम्प जेमतेम जागा राहिला. स्वर आला, पण निर्जीव. त्यात ना ऊब, ना कंठ. हर्षलाचा घसा मात्र बसला तो बसलाच.

"मला गायला बोलावता की तुमच्यावर ओरडायला?" घोगऱ्या आवाजात ती म्हणाली आणि एकटीच निघून गेली.

त्या संध्याकाळी सर्वेश थेट बोलला. "हे असं नाही चालायचं. लहान आणलास तर ऐकू येत नाही, मोठा आणलास तर कुणी बसत नाही. पुढच्या रविवारी शेजारगावच्या सभागृहातला कार्यक्रम आहे तो होऊ दे. नाहीच जमलं तर आपण कीबोर्डवाला बघू."

आपल्याच भावाने हे म्हणावे, याचे तिला रडू आले. तरी त्याचे म्हणणे तिला खोडता येईना. दुसऱ्या दिवशी तो छोटा अ‍ॅम्प उचलून ती मास्तरांच्या दारात उभी राहिली.

"मास्तर, हा परत घ्या," ती खाली मान घालून म्हणाली. "तुम्ही प्रेमानं दिलात. पण हा पुरत नाही हो कार्यक्रमाला."

मास्तरांना वाईट वाटेल अशी तिची कल्पना होती. त्यांनी फक्त चष्मा पुसला आणि विचारले, "कुणाला पुरत नाही?"

"म्हणजे?"

"काही नाही. कार्यक्रम कधी आहे तुझा?"

"रविवारी."

"मग तोवर ठेव त्याला. मी दुपारीच येतो, तुमच्या तालमीला."

रविवारी दुपारी मास्तर आले. एव्हाना घसा सुटल्याने हर्षलाही परतली होती. रिकाम्या सभागृहात पुढच्या रांगेत, चारुताच्या अगदी समोर, ते जाऊन बसले. छोटा अ‍ॅम्प चारुताच्या पायांमागे ठेवून तिघांनी एक गाणे वाजवले. नेहमीसारखेच झाले: चारुताने आवाज वाढवला, सर्वेशने ठोकले, हर्षलाच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. मास्तरांनी दोन्ही कानांवर हात ठेवले होते. गाणे संपताच ते सावकाश पायऱ्या चढून रंगमंचावर आले आणि म्हणाले,

"चारू, बस गो खाली."

"कुठे?"

"इथंच. जमिनीवर. अ‍ॅम्पच्या पुढ्यात, त्याच्याकडे तोंड करून."

सर्वेशला हसू आवरेना. चारुता संकोचली, कार्यक्रम काही तासांवर आलेला, आणि मास्तर तिला शाळकरी पोरीसारखी फरशीवर बसवीत होते. पण गुरूचा शब्द. ती मांडी घालून बसली.

"आता वाजव. बटणाला हात लावू नकोस."

तिने झणकार केला मात्र, आणि विंचू चावावा तशी मागे सरकली. तिचा हात आपोआप बटणाकडे गेला आणि तिने आवाज खाली आणला.

"का गो? कमी का केलास?"

"कान फुटले असते मास्तर!"

"पण तो तर पुरत नव्हता ना?"

चारुता अ‍ॅम्पकडे पाहत राहिली. तोच अ‍ॅम्प, तेच बटण. फक्त तिचे कान आता त्याच्या तोंडासमोर आले होते.

मास्तर तिच्याशेजारी एका खुर्चीवर टेकले. त्यांचा आवाज मुळातच मृदू होता. तो ऐकण्यासाठी सर्वेश ड्रममागून उठून पुढे आला, हर्षलाही जवळ सरकली.

"बाळांनो, गिटारच्या आवाजातला जो धारदार भाग आहे ना, ज्याच्यामुळे स्वर ओळखू येतो, तो स्पीकरमधून विजेरीच्या झोतासारखा सरळ जातो. चारूनं तो झोत आपल्या पोटऱ्यांवर पाडला. पोटऱ्यांना कान नसतात. तो तिथून निघून गेला तो थेट पुढच्या रांगेत बसलेल्या माणसाच्या तोंडावर. इथं ती म्हणतेय ऐकू येत नाही, तिथं तो बिचारा कान झाकतोय. आणि ती मात्र सामर्थ्य कमी पडलं म्हणून शोक करतेय. पंधराचे शंभर वॅट केले, तरी माणसाच्या कानाला आवाज दुप्पटसुद्धा वाटत नाही. बळ वाढवत न्यायला अंत नाही, कारण शेजारचाही वाढवतो. म्हणून बळ मागण्याआधी दिशा तपासावी. ज्यानं ऐकायला हवं, त्याच्याकडे आपलं तोंड आहे का, एवढं बघावं."

चारुताने विचारले, "मग मोठा अ‍ॅम्प कधी लागतच नाही?"

"असं कसं म्हणेन? एकही खरखर नको, जोरातला स्वरही काचेसारखा हवा, असं वाजवणाऱ्याला लागतो. तुला ती खरखर हवी आहे. आणि मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं तर हा पुरणार नाही, तो शंभर वॅटचाही नीट पुरणार नाही. तिथं याच्यापुढे माइक ठेवायचा आणि पुढचं काम मोठ्या स्पीकरांवर सोपवायचं. सगळा भार एकट्यानं कशाला वाहायचा?"

मग ते उठले. ज्या खुर्चीवर बसले होते तीच त्यांनी चारुताच्या उभे राहण्याच्या जागेमागे, थोडी कडेला नेऊन ठेवली, खुर्चीवर अ‍ॅम्प चढवला आणि खाली लाकडाचा तुकडा सरकवून त्याचे तोंड किंचित वर, तिच्या कानाच्या रोखाने केले. अ‍ॅम्पसमोर सभागृहाचा माइक लावायला सांगितले. "आता उभी राहा, आणि तुला हवा तेवढाच आवाज ठेव."

चारुताने बटण अर्ध्यावर आणले आणि वाजवू लागली. तिचा स्वर तिला ऐकू आला. नुसता ऐकूच आला नाही, तर त्यातले दोषही ऐकू आले. दुसऱ्या कडव्याआधीची एक जागा ती दर वेळी घाईने घेत होती. गोंगाटात ते कधी कळलेच नव्हते. तिने ती जागा पुन्हा, सावकाश घेतली.

नवल पुढेच झाले. सर्वेशला कोणी एक शब्द सांगितला नव्हता. पण त्याचे हात आपणहून हलके पडू लागले. गाणे संपल्यावर तो ओशाळून म्हणाला, "चारू, मलाही तुझं काही ऐकू येत नव्हतं गं. मला वाटायचं तू लय सोडतेयस, म्हणून मी ती जास्त जोरात देत होतो."

"आणि मी तुझ्यामुळे वाढवत होते," ती म्हणाली.

हर्षला हसली. "आणि मी तुम्हा दोघांमुळे!"

त्या सायंकाळी सभागृह भरले. हर्षलाने एक संथ गाणे घेतले, ज्यात शेवटी गिटारचा एकच स्वर लांबत जातो. चारुताने ती तार जरा जोरात छेडली. अ‍ॅम्पच्या नळ्यांनी त्या स्वराला आपली खरखर दिली. तो दाटून आला, थरथरला आणि हळूहळू विरत गेला. तो पुरता विरेपर्यंत कोणी टाळी वाजवली नाही. शेवटच्या रांगेत एक लेकुरवाळी बसली होती. तिच्या खांद्यावरचे बाळ झोपलेले होते, ते झोपलेलेच राहिले. कार्यक्रमानंतर तीच बाई पुढे येऊन चारुताला म्हणाली, "शेवटचा तो सूर अजून कानात आहे हो."

सर्वेश जवळच उभा होता. कीबोर्डवाल्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. ड्रम गाडीत चढवण्याआधी तो चारुताचा छोटा अ‍ॅम्प उचलायला आला; आधी हातांवरचा घाम पुसला, मगच त्याला हात लावला.

मास्तरांना शोधायला चारुता दाराशी धावली, तर ते शेवटच्या एसटीसाठी केव्हाच निघून गेले होते.

पुढच्या आठवड्यात कुडाळहून एका आयोजकाचा फोन आला. तारीख ठरली, वेळ ठरली. मग त्याने विचारले, "ताई, तुमचा अ‍ॅम्प किती वॅटचा आहे? आमच्याकडे आवाज पुरायला हवा."

काही दिवसांपूर्वी या प्रश्नाने तिचा चेहरा उतरला असता. आज ती प्रसन्नपणे म्हणाली, "पुरेल. तुम्ही मला आधी एवढंच सांगा, ऐकणारी माणसं कुठे बसणार आहेत?"

आपलेही म्हणणे जगाला ऐकू जात नाही असे वाटेल तेव्हा, सूर चढवण्यापूर्वी, हा प्रश्न विचारून पाहावा.