ठिणगीचं खोबरं आणि आप्पांचा न लागणारा दिवा

एक होती उंदुकली. नाव तिचं ठिणगी. शेपूट एवढीशी, तोंड मात्र भलतंच चुरूचुरू!

ठिणगी राहायची पत्र्याच्या शेडमध्ये. तिथेच राहायची आप्पांची जुनी मोटारसायकल.

खंडेनवमी आली. आप्पांनी गाडी पूजेसाठी सजवली. लाल लाल रंग दिला. टाकीला रंग. सांगाड्याला रंग. जिथे द्यायला नको, तिथेही रंग!

मग किल्ली फिरवली. बटण दाबलं. गाडीचा दिवा लागेना.

आप्पांनी दिव्याला चापट मारली. टप! टप!

"दिवाच खराब!" आप्पा म्हणाले. किल्ली तशीच ठेवली. बटण तसंच ठेवलं. पूजा झाली, नारळ फुटला. खट्!

आप्पांच्या बायकोने, आक्कांनी, ठिणगीला खोबऱ्याचा तुकडा दिला. "घे गं, हा तुझा."

तुकडा तोंडात धरून ठिणगी टाकीवर चढली. नवा रंग, गुळगुळीत रंग. सर्रर्र! ठिणगी घसरली. खोबरं उडालं. टप्पकन पडलं दिव्यासमोरच्या कोपऱ्यात.

कोपऱ्यात काळोख. डोळ्यांना दिसेना काही. नाकात रंगाचा वास. खोबऱ्याचा वास येईना काही. पोटात नुसतं कुडुकुडु कुडुकुडु!

टुणुक टुणुक ठिणगी गेली दिव्याकडे.

"दिवेदादा, दिवेदादा, लागा ना!"

"का गं?"

"खोबरं दिसत नाही,
पोट भरत नाही!"

"माझी तार बघ, शाबूत आहे. बटण वीज सोडत नाही. मी का म्हणून लागू?"

टुणुक टुणुक ठिणगी गेली बटणाकडे.

"बटणकाका, बटणकाका, वीज सोडा ना!"

"का गं?"

"दिवा लागत नाही,
खोबरं दिसत नाही,
पोट भरत नाही!"

"मी दाबलेलाच आहे की! फ्यूज वीज ढकलत नाही. मी का म्हणून सोडू?"

टुणुक टुणुक ठिणगी गेली फ्यूजकडे. फ्यूज काचेच्या नळीत पाय पसरून बसला होता.

"फ्यूजमामा, फ्यूजमामा, वीज ढकला ना!"

"का गं?"

"बटण वीज सोडत नाही,
दिवा लागत नाही,
खोबरं दिसत नाही,
पोट भरत नाही!"

"मी कुठे जळलोय? बॅटरी वीज धाडत नाही. मी का म्हणून ढकलू?"

टुणुक टुणुक ठिणगी गेली बॅटरीकडे. बॅटरी जाडजूड. बॅटरी जांभया देत होती.

"बॅटरीमावशी, बॅटरीमावशी, वीज धाडा ना!"

"का गं?"

"फ्यूज वीज ढकलत नाही,
बटण वीज सोडत नाही,
दिवा लागत नाही,
खोबरं दिसत नाही,
पोट भरत नाही!"

"माझं पोट विजेने टम्म भरलंय. काळी वायर लोखंडाला शिवत नाही. मी का म्हणून धाडू?"

काळ्या वायरचं एक टोक बॅटरीला. दुसरं टोक गाडीच्या लोखंडाला, नटाखाली. वीज फिरून बॅटरीकडे परत येते, ती याच वाटेने.

टुणुक टुणुक ठिणगी गेली नटापाशी.

"वायरआत्या, वायरआत्या, लोखंडाला शिवा ना!"

"का गं?"

"बॅटरी वीज धाडत नाही,
फ्यूज वीज ढकलत नाही,
बटण वीज सोडत नाही,
दिवा लागत नाही,
खोबरं दिसत नाही,
पोट भरत नाही!"

"शिवेन गं! पण मध्ये हा रंग बसलाय. बाजूला होत नाही. मी का म्हणून शिवू?"

ठिणगीने नटाखाली डोकावून पाहिलं. खरंच की! नटाखाली रंग. वायरखाली रंग. लाल लाल, जाड जाड.

"रंगराव, रंगराव, बाजूला व्हा ना!"

"का गं?"

"वायर लोखंडाला शिवत नाही,
बॅटरी वीज धाडत नाही,
फ्यूज वीज ढकलत नाही,
बटण वीज सोडत नाही,
दिवा लागत नाही,
खोबरं दिसत नाही,
पोट भरत नाही!"

"मला आप्पांनी इथे बसवलंय. आप्पा खरवडत नाहीत. मी का म्हणून हलू?"

टुणुक टुणुक ठिणगी गेली आप्पांकडे. आप्पा खुर्चीत बसून चहा पीत होते. फुर्रर्र!

"आप्पा, आप्पा, नटाखालचा रंग खरवडा ना!"

"का गं?"

"रंग बाजूला होत नाही,
वायर लोखंडाला शिवत नाही,
बॅटरी वीज धाडत नाही,
फ्यूज वीज ढकलत नाही,
बटण वीज सोडत नाही,
दिवा लागत नाही,
खोबरं दिसत नाही,
पोट भरत नाही!"

"छट्! रंग मी दिलाय. तुझ्या पणजीच्या आधीपासून गाडी चालवतोय मी. माझं चुकतच नाही. मी का म्हणून खरवडू?"

ठिणगीच्या मिशा थरथरल्या. शेपूट ताठ झाली.

"हे बरंय! सगळे मोठे, सगळे शहाणे. आणि माझं पोट उपाशी? थांबा तुम्ही!"

टुणुक टुणुक ठिणगी शिरली आप्पांच्या लेंग्यात!

गुदुगुदु गुडघ्याला. गुदुगुदु पोटाला. गुदुगुदु काखेत!

"हीहीही! हूहूहू! अगं थांब!"

"म्हणा, चुकलं!"

"नाही म्हणणार! हीहीही!"

गुदुगुदु! गुदुगुदु!

आक्का दारात आल्या. "अहो, हे काय? नाचताय काय असे?"

"नाचत नाहीये! हाहाहा! चुकलं गं बाई, चुकलं! खरवडतो!"

ठिणगी टुण्णकन बाहेर.

आप्पांनी पाना घेतला. नट सैल केला. खर्र खर्र. पॉलिश पेपर घेतला. रंग खरवडला. खस खस खस. खालून लोखंड चमकलं. चकचक! आप्पांनी वायर बसवली, नट आवळला. करकच्च!

मग काय!

आप्पांनी रंग खरवडला,
रंग बाजूला झाला,
वायर लोखंडाला शिवली,
बॅटरीने वीज धाडली,
फ्यूजने वीज ढकलली,
बटणाने वीज सोडली,
दिवा लागला, लख्ख!
खोबरं दिसलं, पांढरंशुभ्र!

टुणुक टुणुक टुणुक! ठिणगीने खोबरं पकडलं.

आक्का म्हणाल्या, "अगंबाई! कुणी लावला हो दिवा?"

आप्पांनी छाती फुगवली. "मी!"

ठिणगीला खूप काही बोलायचं होतं. पण तोंडात खोबरं होतं ना!

कुर्रम कुर्रम. कुर्रम कुर्रम.

खोबरं गेलं पोटात,
गोष्ट आली ओठात!