हिरडी परत का येते

जरा मागे सरा, कड्याच्या फार जवळ जाऊ नका. छत्रीचा इथं काही उपयोग नाही, पाणी खालून येतं. ही आमची हिरडी नदी. कड्यावरून कोकणात उडी घेते आणि अर्ध्यातून उलटी फिरून आपल्याच अंगावर येते. कॉलेजची मुलं येतात, ती सांगतात की कडा सरळसोट आहे, कोकणातला वारा त्याला धडकून वर चढतो आणि पाणी उचलून आणतो. खरं आहे त्यांचं. पण वाऱ्याला या कामाला कोणी लावलं, ते आमच्या वाडीत सांगतात.

फार पूर्वी हिरडी इथं थांबतच नसे म्हणे. रानातून यायची, खोल घळीतून धावायची आणि कोकणात पसार व्हायची. वरच्या शेतांना थेंब मिळत नसे. नदी उशाला आणि कोरड घशाला, अशी गत. एका श्रावणात पावसानं अशी ओढ दिली की नाचणीची रोपं माना टाकू लागली. वाडीनं ठरवलं, बिऱ्हाडं उचलायची आणि ज्याला जिथं थारा मिळेल तिथं जायचं.

वाडीत ठकाई म्हणून एक म्हातारी होती. नवरा गेलेला, पोटी मूल नाही. वाडी हेच तिचं घरदार. वाडी पांगली तर तिला कोण विचारणार? हिरडीकडे पाणी मागायचं ठरवून ती तणतणत निघाली, ती थेट या कड्यावर आली.

असं सांगतात, की तेव्हा हिरडी बाईच्या रूपात इथं उभी होती. हिरवं लुगडं, पदर खोचलेला, निघायची घाई. ठकाईला बघून नुसतं म्हणाली, "जाते गं आये."

आता हा शब्द निघताना आमच्याकडे कोणी तोंडातून काढत नाही. जाते म्हणणारी परत येत नाही. ठकाई पाणी मागायचं विसरलीच.

"जाते काय म्हणतीस, भवाने? माहेरातून निघालेल्या लेकीनं येते म्हणावं. कुणी शिकवलं नाही का?"

हिरडी वरमली. तिचा जन्म इथल्याच रानातला, म्हणजे हे माहेरच की. मान खाली घालून म्हणाली, "चुकले. येते." आणि उडी घेतली.

अर्ध्या कड्यावर गेल्यावर तिच्या ध्यानात आलं असावं, की आपण शब्द देऊन बसलो. खाली समुद्र वाट बघत होता, वर म्हातारी. तेव्हा तिनं वाऱ्याला हाक मारली म्हणे आणि अर्धं अंग त्याच्या हवाली केलं. पाणी उलटं आलं. ठकाई भिजली, तिच्या मागची नाचणी भिजली. वाडीनं बांधलेली बोचकी सोडली, आणि पुढे सगळी वाडी ठकाईला आये म्हणू लागली. फार सुखात गेली म्हातारी.

आजही नागपंचमीला माहेरी आलेल्या आमच्या लेकी सासरी निघताना इथं उभ्या राहतात आणि खाली बघून 'येते' म्हणतात. उलटं पाणी तोंडावर आलं की हिरडीनं ऐकलं असं समजायचं, मगच वाटेला लागायचं. वारा पडलेला असला तर मुक्काम वाढवायचा. सासरचेही त्यावर काही बोलत नाहीत.

माझी शेवंता आली आहे पंचमीपासून. वारा कसा सुटलाय ते तुम्ही बघताच आहात, चार दिवस झाले असाच आहे. काल जावयाचा फोन आला होता. म्हटलं, "काय करावं जावईबापू, वारा अजून पडलेलाच आहे."