मागून आणलेला विस्तव

एका राज्यात चंडसेन नावाचा राजा होता आणि शार्दूलराय नावाचा त्याचा सेनापती होता. डोंगरापलीकडच्या खोऱ्याने बंड केले, तेव्हा राजा म्हणाला, "मुलूख शांत करून ये." शार्दूलराय गेला. त्याने घरोघरच्या चुलींवर पाणी ओतले. आड आले ते कापले गेले, उरले ते रानात पळाले. महिन्याभराने गडावरून पाहिले, तर खोऱ्यात कुठेच धूर नव्हता. "महाराज, मुलूख शांत झाला," तो म्हणाला, आणि त्याच्या हातात सोन्याचे कडे चढले.

इतक्यात तटावर एक टिटवी उतरली. तिची अंडी सेनापतीच्या घोड्यांखाली फुटली होती. ती माणसाच्या वाणीने बोलली, "आता तुमच्या राजधानीत विस्तव धरणार नाही. त्या खोऱ्यातला निखारा इथवर जिवंत येईल, तेव्हाच शाप सुटेल." आणि उडून गेली.

राजधानीतल्या चुली थंड पडल्या. राजावरही भिजवलेले पोहे खायची पाळी आली. पण शार्दूलरायाच्या जिवाला घोर लागला तो वेगळाच. त्याची लेक चंपावती नुकती बाळंत झाली होती. ऐन पौषातली थंडी, बाळाला ना शेक, ना ऊन पाणी. लेकरू दिवसेंदिवस निळे पडत चालले.

खोऱ्यात एकच चूल जिवंत होती. कोंडाई नावाच्या म्हातारीने राखेखाली निखारा दडवला होता. शार्दूलराय शंभर स्वार घेऊन गेला, निखारा हिसकून निघाला. तो खिंडीत विझला. मग शालू आणि पाटल्या घेऊन गेला. कोंडाईने त्यांकडे पाहिलेही नाही, नुसते चुलीकडे बोट दाखवले. तो निखारा नदीपर्यंत आला आणि विझला.

तिसऱ्या खेपेला तो एकटा, अनवाणी, हातात खापर घेऊन तिच्या दाराशी उभा राहिला.

"आई, विस्तव मागायला आलो. घरी नातू गारठला आहे."

"चूल कशाने विझली, ते मागणाऱ्याने आधी सांगावे. ही आमची रीत," कोंडाई म्हणाली. "तू दोन्ही खेपा सांगितले नाहीस."

"मी तुमच्या चुली विझवल्या, म्हणून माझी विझली."

"शेजारच्या घरात माझा लेक राहत होता."

शार्दूलरायाची मान खाली गेली. "तो चुलीवर हात पसरून आडवा झाला होता. मीच मारला. थांबायला हवे होते, आई. थांबलो नाही."

कोंडाईने चुलीतली राख बाजूला सारली. मग तिने चिमट्याने निखारा उचलून खापरात ठेवला. "ने. त्या लेकराने माझे काही बिघडवलेले नाही."

निखारा राजधानीपर्यंत धगधगत आला. घरोघरी चुली पेटल्या, बाळ शेकले गेले आणि टाहो फोडून रडले. शार्दूलरायाने कडे काढून राजापुढे ठेवले. "महाराज, मी तुम्हाला खोटे सांगितले होते. तिथे पुन्हा धूर दिसेल, तेव्हा मुलूख शांत झाला असे समजा." गार पोहे खाऊन राजालाही ते कळले होते. त्याने खोऱ्यातली ठाणी उठवली.

रानात पळालेले परतले, आणि शार्दूलराय दारोदार विस्तव पोचवू लागला. त्या चुली पेटल्या, तशा ऐकणाऱ्यांच्याही पेटत्या राहोत. कोंडाईच्या शेजारची चूलही तो रोज सकाळी पेटवतो. दुपारपर्यंत ती विझते. तिच्यावर तवा ठेवायला त्या घरात कोणी नाही.